सैनिकी शाळा आणि लष्करी अकादमीचा प्रवेश : सीमाभागातील वाचकांचे प्रश्न

दहावीचे आणि पीयूसीचे (कर्नाटकातील अकरावी-बारावीचे) निकाल जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, हलियाळ या भागांतून आमच्याकडे सैनिकी शिक्षणाविषयी विचारणा करणारी पत्रे वाढतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या शहरात शंभर वर्षांपासून आहे, त्या शहराच्या परिसरात हे स्वाभाविक आहे. मात्र बहुतेक पत्रांतील मूळ शंका अभ्यासाची नसून राज्याची आणि भाषेची असते. मातृभाषा मराठी, दाखले कन्नडमध्ये, रहिवास कर्नाटकाचा आणि नातीगोती कोल्हापूर-चंदगडकडची, अशा मुलाने स्वतःला नेमके कोणत्या राज्याचे समजावे, हा प्रश्न प्रत्येक पत्रात कोणत्या ना कोणत्या रूपाने येतो. म्हणून त्याच प्रश्नाला या वेळी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमची शेती खानापूर तालुक्यात असून मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत यंदा दहावीत आहे. छत्रपती संभाजीनगर येथे एनडीएची (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करून घेणारी महाराष्ट्र शासनाची संस्था आहे, असे कळते. आम्ही कर्नाटकचे रहिवासी असल्यामुळे तेथे प्रवेश मिळणार नाही, असे गावात सांगतात. काही जण तर कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर दाखला काढण्याचा सल्ला देतात. काय करावे? (एक पालक, खानापूर)

उत्तर : पाहुण्यांच्या पत्त्यावर दाखला काढू नये. तसे करणे गैर तर आहेच, पण आपल्या बाबतीत त्याची गरजही नाही. आपण म्हणता ती संस्था म्हणजे १९७७ मध्ये स्थापन झालेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. विद्यार्थ्यांत ती ‘एसपीआय’ या नावानेच ओळखली जाते. तिच्या पात्रतेच्या अटींत महाराष्ट्राच्या अधिवासाबरोबरच कर्नाटकातील बेळगाव, बिदर आणि कारवार या जिल्ह्यांच्या अधिवासाचाही स्पष्ट उल्लेख आहे. सीमाभागातील मराठी कुटुंबांना याची माहिती असायला हवी होती. ती नसते, हे आपल्या पत्रावरून पुन्हा दिसून आले. खानापूर हा बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका असल्यामुळे आपल्या नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) रीतसर काढलेला रहिवासी दाखलाच आपल्या मुलाच्या कामी येईल. दाखला कन्नडमध्येच मिळाला असेल, तर त्याची इंग्रजी प्रत वेळेवर करून ठेवावी. छाननी करणाऱ्याला कन्नड वाचता येईल, असे गृहीत धरू नये.

या संस्थेत दहावीनंतर मुलांची निवड होते. अकरावी आणि बारावीची दोन वर्षे मुले तेथे राहतात, कनिष्ठ महाविद्यालयाचा अभ्यास करतात आणि त्याच्या जोडीने एनडीएच्या लेखी परीक्षेची, मुलाखतीची व शारीरिक तयारी करतात. एका तुकडीत साधारण साठ मुलांना जागा मिळते. लेखी परीक्षा सामान्यतः एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्याकडील एसएसएलसी (दहावीची परीक्षा) आटोपते न आटोपते तोच, असते. तिच्यात दीडशे प्रश्न असतात. त्यांपैकी निम्मे गणिताचे आणि निम्मे सामान्य क्षमतेचे असून चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. अभ्यासक्रम आठवी ते दहावीचा असतो. लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. शारीरिक अटींत उंची किमान १५७ सेंटिमीटर, वजन ४३ किलो, छाती न फुगवता ७४ आणि फुगवून ७९ सेंटिमीटर असावी लागते. रंगांधळेपणा किंवा रातांधळेपणा चालत नाही. जन्मतारखेची मर्यादा दर वर्षी जाहिरातीत दिलेली असते आणि ती एका दिवसानेही शिथिल होत नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी सर्वप्रथम तीच पडताळावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. एसपीआयमध्ये प्रवेश मिळाला म्हणजे एनडीएमध्ये प्रवेश मिळाला, असे नाही. दोन वर्षांनंतर त्या मुलालाही देशातल्या इतर लाखो मुलांसारखीच संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते आणि तेथे संस्थेचे नाव पाहून कोणाला गुण मिळत नाहीत.

प्रश्न : मुलगी पाचवीत, मराठी शाळेत आहे. सातारा आणि विजापूर येथे सैनिक शाळा आहेत. साताऱ्याला महाराष्ट्राच्या मुलांना जास्त जागा असतात, असे ऐकले. आम्ही मराठी असल्याने आम्हाला तो लाभ मिळेल का? परीक्षा मराठीतून देता येते का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही, असे आहे आणि दुसऱ्याचे होय, असे आहे. दोन्ही उत्तरे एकाच नियमातून निघतात. सैनिक शाळेत जागा ठरते ती रहिवासावरून, मातृभाषेवरून नव्हे. प्रत्येक सैनिक शाळेत ६७ टक्के जागा त्या शाळेच्या राज्यातील रहिवाशांसाठी आणि उरलेल्या ३३ टक्के इतर राज्यांतील उमेदवारांसाठी असतात. १९६१ मध्ये सुरू झालेली सातारा ही देशातील पहिली सैनिक शाळा महाराष्ट्रात आहे, तर विजापूरची सैनिक शाळा १९६३ पासून कर्नाटकात आहे. कर्नाटकात कोडगू येथेही अशी शाळा आहे. निपाणीचे रहिवासी या नात्याने आपल्या मुलीची गणना विजापूर व कोडगूच्या ६७ टक्क्यांत आणि साताऱ्याच्या ३३ टक्क्यांत होईल. निपाणीहून साताऱ्याला जाणे कितीही सोयीचे असले, तरी स्पर्धेच्या दृष्टीने विजापूरचा पर्याय आधी विचारात घेणे शहाणपणाचे ठरेल. सीमाभागात काही घरांमध्ये विजापूरचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. परंतु येथे भाषेचा अभिमान आणि मुलीच्या जागेचे गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आम्हाला वाटते.

सहावीची प्रवेश परीक्षा इंग्रजी आणि हिंदीबरोबरच मराठी आणि कन्नडसह अनेक प्रादेशिक भाषांतून देता येते, त्यामुळे माध्यमाची चिंता नसावी. अर्जात भाषा निवडताना मात्र लक्ष द्यावे. सायबर केंद्रातला माणूस कर्नाटकाचा पत्ता पाहून आपणहून कन्नड भाषा निवडतो आणि परीक्षेच्या दिवशी मूल गोंधळते, हे घडू शकते. पेपर एकूण ३०० गुणांचा असतो आणि त्यांपैकी १५० गुण एकट्या गणिताचे असतात. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रवेशाच्या वर्षातील ३१ मार्च रोजी मुलीचे वय दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान असावे लागते.

सहावीची संधी हुकली तर नववीला पुन्हा परीक्षा आहे, पण ती ४०० गुणांची आणि केवळ इंग्रजीतून असते. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सहावीची परीक्षा तुलनेने सुकर आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच. इतर मागासवर्गाच्या जागांसाठी अर्ज करणाऱ्यांनी राज्याच्या यादीतील आपली जात केंद्राच्या यादीतही आहे की नाही, हे माहितीपत्रक पाहूनच ठरवावे. दोन्ही याद्या सारख्याच असतील, असा भरवसा धरू नये.

प्रश्न : बेळगावात कॅम्प भागात आमच्या घराजवळच राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. स्थानिक मुलांना प्राधान्य असते का? डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात प्रवेश कसा मिळतो? (एक पालक, बेळगाव)

उत्तर : नसते. चैल, अजमेर, बेळगाव, बेंगळुरू आणि धोलपूर या पाच राष्ट्रीय मिलिटरी स्कूलसाठी देशपातळीवर एकच सामायिक परीक्षा होते. सहावी व नववी या वर्गांत प्रवेश मिळतो. या शाळांमध्ये ७० टक्के जागा जवान, हवालदार, सुभेदार अशा पदांवरील आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असतात. अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या मुलांना उरलेल्या ३० टक्क्यांत स्पर्धा करावी लागते. आपल्या घरातील कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत किंवा सैन्याच्या अन्य पलटणीत जवान असेल, तर पेन्शनची आणि सेवेची कागदपत्रे काढून ठेवावीत. सीमाभागातील अनेक माजी सैनिक ही सवलत वापरतच नाहीत. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजाविषयीही आपण विचारले आहे. ते १९२२ पासून चालू असून तेथे आठवीत प्रवेश मिळतो. परीक्षा वर्षातून दोनदा, राज्य सरकारांमार्फत होते आणि तेथेही राज्य रहिवासावरूनच ठरते.

प्रश्न : मी येळ्ळूरची असून प्रथम पीयूसीला कला शाखेत शिकत आहे. मुलींना एनडीएमध्ये घेतात, हे खरे आहे का? कला शाखेची विद्यार्थिनी पात्र ठरते का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशामुळे मुलींना ही परीक्षा देता आली. २०२२ मध्ये पहिल्या महिला कॅडेट खडकवासल्यात दाखल झाल्या आणि त्यांच्यापैकी १७ जणी मे २०२५ मध्ये तेथील प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. मुलींच्या जागा मात्र अद्याप मोजक्याच आहेत, त्यामुळे गुणवत्ता यादीतील स्पर्धा मुलांपेक्षा अधिक तीव्र असते, हे लक्षात असू द्यावे.

एनडीएच्या भूदल शाखेसाठी कोणत्याही शाखेतून बारावी किंवा द्वितीय पीयूसी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमी यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय अनिवार्य आहेत. म्हणजे कला शाखेतून आपल्याला केवळ भूदलाचा मार्ग खुला आहे. तथापि गणितापासून सुटका होत नाही. लेखी परीक्षा ९०० गुणांची असून त्यांत गणिताचा स्वतंत्र पेपर ३०० गुणांचा आहे आणि त्यातील त्रिकोणमिती, कलन, सदिश हे भाग अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेच्या पातळीचे असतात. दुसरा, सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा असतो. त्यांत २०० गुण इंग्रजीचे, तर ४०० गुण विज्ञान, इतिहास, भूगोल व चालू घडामोडींचे असतात. प्रत्येक पेपरला अडीच तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत किंवा कन्नडमध्ये नसते. देवनागरी वाचणाऱ्या आपल्या मुलांना त्यामुळे थोडा आधार मिळतो, पण हिंदीतील गणिती परिभाषा मराठीपेक्षा बरीच निराळी आहे. त्यामुळे इंग्रजी परिभाषाच सवयीची करून घेणे बरे. गणितासाठी आतापासून स्वतंत्र शिकवणीची सोय होत नसेल, तर कला शाखेतून हा पेपर पार करणे फार कठीण जाईल, असे स्पष्ट सांगणे आम्हाला भाग आहे.

वयाची अट अशी की अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवार साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावा आणि अविवाहित असावा. परीक्षा वर्षातून दोनदा, सामान्यतः एप्रिल व सप्टेंबरमध्ये होते. द्वितीय पीयूसीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. आपल्या भागासाठी धारवाड आणि पणजी ही केंद्रे सोयीची आहेत. मात्र जागा भरल्या की केंद्र बंद होते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. मुलींना परीक्षा शुल्क माफ आहे. एसपीआयसारखी मुलींसाठीची स्वतंत्र संस्था नाशिकला २०२३ पासून सुरू झाली आहे, परंतु तिथेही प्रवेश दहावीनंतरच मिळत असल्यामुळे आपल्याला तिचा उपयोग नाही. धाकटी बहीण असल्यास तिला होऊ शकेल.

प्रश्न : मुलगा एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला आहे. आता एसएसबीसाठी एका क्लासने मोठी रक्कम मागितली आहे. मुलाचे इंग्रजी बेताचे आहे. क्लास लावावा का? (एक पालक, संकेश्वर)

उत्तर : आधी मुलाचे अभिनंदन. एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत. ती ९०० गुणांची, म्हणजे लेखी परीक्षेइतक्याच वजनाची असते आणि पाच दिवस चालते. ‘मुलाखत’ या नावामुळे लोकांचा गैरसमज होतो. प्रत्यक्षात समोरासमोरची मुलाखत हा तिचा एक भाग आहे. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि अंधुक चित्र पाहून गोष्ट लिहिण्याची व ती गटात मांडण्याची चाचणी होते. त्यातच मोठ्या संख्येने उमेदवार गाळले जातात आणि त्याच दिवशी परतीच्या वाटेला लागतात. जे उरतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. चित्रांवर गोष्टी लिहिणे, क्षणभर दाखवलेल्या शब्दावर सुचेल ते वाक्य लिहिणे, अडचणीच्या प्रसंगांवर आपण काय कराल ते थोडक्यात लिहिणे आणि स्वतःविषयी लिहिणे, असे त्यांचे स्वरूप असते. पुढचे दोन दिवस मैदानावरील गटकार्यांचे असतात. फळ्या, दोऱ्या व ओंडके यांच्या साहाय्याने गटाने अडथळे पार करायचे असतात. शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय देतात.

क्लासविषयी आमचे मत असे आहे की चाचण्यांची ओळख होण्यापुरता त्याचा उपयोग होतो, उत्तरे पाठ करण्यासाठी मुळीच होत नाही. तीन वेगवेगळे परीक्षक, एकमेकांशी न बोलता, एकाच मुलाला तीन दिशांनी पाहत असतात. पाठ केलेली गोष्ट, मुलाखतीत दिलेले उत्तर आणि मैदानावरचे वागणे यांत तफावत पडली की ती लगेच लक्षात येते. चित्रातला प्रत्येक माणूस शूर सैनिकच असतो, अशी गोष्ट लिहिणारी मुले दर तुकडीत असतात आणि ती परीक्षकांना आता चांगली ओळखू येतात.

इंग्रजीची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण तिकडे दुर्लक्षही करता येत नाही. उच्चार मराठी वळणाचे असले तरी चालतात, वाक्य सुटसुटीत असावे. मुलाने रोज अर्धा तास घरातल्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलावे. घरात तसे कोणी नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना विनंती करावी. त्याने आपल्या गावाविषयी, ऊस आणि तंबाखूच्या शेतीविषयी, हिडकल धरणाविषयी, दोन भाषांच्या शेजाराविषयी विचार करून ठेवावा. मुलाखत घेणारा अधिकारी बहुधा उमेदवाराच्या परिसरापासूनच सुरुवात करतो, आणि सीमाप्रश्नाविषयी विचारले गेल्यास घोषणेच्या स्वरात उत्तर देऊ नये, दोन्ही बाजू माहीत असाव्यात. भूदलाची निवड केंद्रे बेंगळुरू, भोपाळ, प्रयागराज आणि जालंधर येथे आहेत, तर हवाई दलाचे एक केंद्र म्हैसूरला आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिची तयारी नसताना केवळ अनुभव म्हणून ती देऊन पाहू नये.

प्रश्न : माझ्या दंडावर राजमुद्रेचा टॅटू आहे. वैद्यकीय तपासणीत अडचण येईल का? (एक विद्यार्थी, उचगाव)

उत्तर : येईल. कायमस्वरूपी टॅटू केवळ हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि हाताच्या मागच्या बाजूला, म्हणजे तळव्याच्या पाठीवर चालतो. शरीराच्या अन्य भागावरील टॅटू मान्य नसतो. आदिवासी समाजांच्या परंपरेला यात सवलत आहे. दंड, छाती आणि पाठ हे भाग बाद ठरतात, मग त्यावर राजमुद्रा असो, भगवा ध्वज असो किंवा आईचे नाव. त्वचारोगतज्ज्ञाकडून टॅटू काढून घेण्यास वेळ व पैसा दोन्ही लागतात आणि डाग राहण्याची शक्यता असते. म्हणून अर्जाच्या आधीच सल्ला घ्यावा. शिवजयंतीच्या दिवसांत टॅटूवाल्याकडे रांग लावणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या मनात सैन्य आहे, त्यांना हे मित्रांनीच सांगावे.

प्रश्न : एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर माझे नाव आद्याक्षरांसह आहे, आधारवर आडनावासह पूर्ण आहे. अर्जात काय लिहावे? (एक विद्यार्थी, हलियाळ)

उत्तर : दहावीच्या प्रमाणपत्रावर असेल तेच. लोकसेवा आयोग जन्मतारीख आणि नाव त्याच प्रमाणपत्रावरून ग्राह्य धरतो. जन्म दाखला किंवा कुंडली पुढे करून उपयोग होत नाही. कन्नडमधून इंग्रजीत आणि मराठीतून इंग्रजीत नावे उतरवताना आपल्या भागात एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे होतात. आधारवरील नोंद प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करून घेणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे. प्रमाणपत्रातच चूक असेल, तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला लागणारा कालावधी ध्यानात घेता हे काम प्रथम पीयूसीतच उरकावे.

प्रश्न : एनडीएचे वय उलटून गेले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र आहे. आता काय मार्ग आहेत? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला सीडीएस म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचा. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीसाठी तिच्यात इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे प्रत्येकी १०० गुणांचे तीन पेपर असतात. ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी गणिताचा पेपर नसतो. दुसरा मार्ग एनसीसीच्या विशेष प्रवेशाचा आहे. त्यात लेखी परीक्षाच नसते. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असतील, तर छाननीनंतर उमेदवाराला थेट एसएसबीला बोलावले जाते. वय १९ ते २५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. हा प्रवेश अल्पसेवा कमिशनसाठी आहे, म्हणजे सुरुवातीला ठरावीक वर्षांची सेवा असते, कायमची नव्हे. आपल्या प्रमाणपत्रावर श्रेणी कोणती आहे हे पत्रात लिहिलेले नाही. ती ‘सी’ असेल, तर हा दुसरा मार्ग बंद होतो आणि सीडीएसचाच अभ्यास सुरू करावा लागेल.